चार महिने उपाशी उभा राहणारा तो बाप किंग पेंग्विन नाहीये

दर थोड्या दिवसांनी नाशिकच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो मेसेज फिरून येतोच, आधी सोसायटीच्या, मग शाळेतल्या पालकांच्या, आणि आता आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर पण आला म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन किंग पेंग्विनचा फोटो, शेजारी तपकिरी केसाळ पिल्लू, आणि खाली लिहिलंय की अंटार्क्टिकाच्या बर्फावर उणे साठ डिग्रीत हा बाप चार महिने उपाशी उभा राहून एकटा अंडं सांभाळतो, मादीला दगड देऊन मागणी घालतो, जोडी जन्मभर टिकते, तपकिरी पिल्लू दुसऱ्या जातीचं अनाथ आहे ते यांनी दत्तक घेतलंय, आणि बर्फ वितळला की हे सगळे संपणार. पाठवणाऱ्यांची भावना चांगलीच आहे. पण यातलं बरंचसं दुसऱ्याच पेंग्विनांचं आहे आणि फोटोतल्या पक्ष्याची खरी गोष्ट, जी मला तरी जास्त भारी वाटते, ती कुठेच नाही.

आधी बर्फाचं बघू. किंग पेंग्विन अंटार्क्टिका खंडावर पिल्लं काढतच नाहीत. त्यांच्या वसाहती त्याच्या उत्तरेला, दक्षिण महासागरातल्या बेटांवर आहेत: साउथ जॉर्जिया, क्रोझे, केर्गेलेन, मॅरियन, हर्ड, मॅक्वारी, थोडे फॉकलंडला. तिथे ते समुद्रकिनारी सपाट जागेवर, गवतात, चिखलात उभे असतात. मॅक्वारी बेटावर वर्षभर सरासरी तापमान साधारण तीन ते सात डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या निफाडला जानेवारीत पहाटे पारा जिथे उतरतो तेवढंच, फक्त वर सतत वारा आणि पाऊस. आणि पेंग्विन म्हटलं की बर्फच पाहिजे असंही नाही, मुंबईत राणीच्या बागेत आपण जे बघून येतो ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरचे आहेत.

आता त्या बापाचं. भर हिवाळ्यात समुद्राच्या गोठलेल्या बर्फावर साधारण 65 दिवस एकट्याने अंडं पायावर धरून उभा राहणारा आणि आधीचे दिवस धरले तर चारेक महिने उपाशी राहणारा नर असतोच, पण तो एम्परर पेंग्विन. दोघं नात्यातले, दिसायला जवळचे, म्हणून घोळ होतो. एम्परर बराच मोठा, 22 ते 45 किलोपर्यंत, त्याच्या मानेवरचा पिवळा रंग खाली छातीत हळूहळू फिकट होत जातो. किंग साधारण 90 सेंटिमीटर उंच, 11 ते 16 किलोचा, कानाजवळ ठळक केशरी डाग आणि चोच लांब, सडपातळ. पिल्लं बघितली तर चुकायला जागाच नाही, एम्पररचं पिल्लू राखाडी आणि चेहरा पांढरा, किंगचं अख्खं तपकिरी.

किंगच्या जोडीत अंडं दोघं मिळून उबवतात. घरटं नसतं, एकच अंडं, साधारण 300 ग्रॅमचं, पायांवर ठेवून वरून पोटाची घडी ओढून घ्यायची. मादी अंडं घालून समुद्रात जाते, पहिली पाळी नराची, मग ती परत येते आणि अंडं एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर जातं, अशा दोनेक आठवड्यांच्या पाळ्या करत सुमारे 54 दिवस काढायचे. पाळीवर जो असतो तो उपाशीच असतो, तेवढं मेसेजमधलं खरं, पण ते आईलाही लागू आहे आणि तिला त्यातून पुसून टाकलंय याचा मला खरंच राग येतो.

आणि खरी कसोटी अंडं फुटल्यावर सुरू होते. महिनाभर पिल्लू आईबापांपैकी एकाच्या पायावर, मग बाकीच्या पिल्लांच्या घोळक्यात. एवढ्या मोठ्या पक्ष्याचं पिल्लू एका छोट्या उन्हाळ्यात वाढून तयार होत नाही, त्यामुळे ते अख्खा हिवाळा किनाऱ्यावरच काढतं. एम्परर हाच प्रश्न हिवाळ्यात अंडं घालून सोडवतो, म्हणजे पिल्लू उन्हाळ्यात समुद्रात जायला तयार. किंगच्या पिल्लाला मात्र हिवाळ्यात खाणं क्वचितच मिळतं, काही पिल्लं महिनोन्‌महिने उपाशी असतात आणि जवळजवळ निम्मं वजन गमावतात, म्हणजे उपासाची गोष्ट सांगायचीच असेल तर ती या पिल्लाची सांगा. वसंतात आईबाप पुन्हा भरवायला लागतात आणि 10 ते 13 महिन्यांचं झाल्यावर ते समुद्रात उतरतं. सगळं चक्र 14 ते 16 महिन्यांचं, त्यामुळे जोडीला तीन वर्षांत जास्तीत जास्त दोन पिल्लं.

म्हणजे ते तपकिरी पिल्लू अनाथ वगैरे काही नाही, त्यांचंच आहे. जुन्या दर्यावर्दींनाही ही वेगळी जात वाटली होती आणि त्यांनी तिला लोकरी पेंग्विन म्हटलं होतं. 2024 मध्ये मेलबर्नच्या मत्स्यालयातलं पेस्टो नावाचं पिल्लू व्हायरल झालं तेही हेच, नऊ महिन्यांचं असताना 22 किलोच्या आसपास, आईबापांपैकी एकेकाच्या दुप्पट, कारण हिवाळ्यासाठी चरबी साठवायची या पिल्लांची शरीररचनाच आहे. दत्तकाचं म्हणाल तर हजारोंच्या गोंगाटात पिल्लू आणि आईबाप एकमेकांना आवाजावरून ओळखतात, दुसऱ्याचं पिल्लू तोंड उघडून आलं तर बहुतेकदा टोचून हाकलतात.

दगडांचं एका ओळीत संपतं: दगड गोळा करतात ते अॅडेली, जेंटू वगैरे, कारण ते दगडांचं घरटं करतात, किंगला घरटंच नाही तर दगड कशाला. जन्मभराची जोडी पण नाही, पुढच्या हंगामात तोच जोडीदार असण्याचं प्रमाण जेमतेम 30 टक्के. चक्र इतकं लांब की दोघं एकाच वेळी परत येतीलच असं नसतं, आणि जोडीदाराची वाट बघत थांबलं तर हंगाम हातचा जातो. यात त्यांचं प्रेम कमी पडलं असं कोणी म्हणू नये.

राहिला बर्फ वितळण्याचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नांदूरमधमेश्वरला मुलांना पक्षी दाखवायला नेते तेव्हा तीही हेच सांगतात. किंग बर्फावर राहत नाही, त्याचं पोट समुद्रातल्या एका पट्ट्यावर चालतं, जिथे दक्षिणेचं थंड पाणी उत्तरेच्या कोमट पाण्याला भेटतं आणि छोटे कंदीलमासे खूप असतात. क्रोझेचे पक्षी त्यासाठी 300-400 किलोमीटर पोहून जातात आणि 100 मीटरच्या खाली, कधी 300 पर्यंत बुड्या मारतात. समुद्र तापला की तो पट्टा दक्षिणेला सरकतो, आईबापांची फेरी लांबते, आणि इकडे किनाऱ्यावर पिल्लू वाट बघत राहतं. क्रोझेमधल्या कोशों बेटावर 1980 च्या दशकात सुमारे पाच लाख जोड्या होत्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपग्रहाच्या फोटोंवरून मोजलं तेव्हा साठेक हजार उरल्या होत्या. का, ते अजून नक्की सांगता आलेलं नाही. जगात आज एकूण दहा लाखांहून जास्त जोड्या आहेत त्यामुळे ही जात लगेच धोक्यात नाही, पण पुढच्या वेळी मुलांना सांगाल तेव्हा बर्फाऐवजी त्या पट्ट्याबद्दल आणि त्या कंदीलमाशांबद्दल सांगा.