ओगलेवाडीचा कंदील जर्मनीतून येत नव्हता

परवा रात्री कराडच्या आत्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "खरंय का रे हे? मग दादा काय करत होते तिथं?" दादा म्हणजे माझे आजोबा. प्रभाकर कंदील बनवणाऱ्या ओगले काच कारखान्यात ते भट्टीवर होते. मेसेज म्हणतो: प्रभाकर कंदील जर्मनीतून यायचा, इथं नुसतं नाव छापायचे, ओगलेवाडी ही किर्लोस्करांची शाखा, नाव कुणा ओगले सरदारावरून पडलं, आणि वीज आली, कारखाना संपला, आता तिथं काहीच उरलं नाही.

पहिलं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. नाव छापायला भट्टी लागते का? वाळू, सोडा, चुनखडी वितळवायची, लालबुंद गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायचा, साच्यात धरून फुंकायचा आणि मग काच सावकाश निवू द्यायची. घाई केली की ती आतल्या ताणानं तडकते. कंदिलाची काच तर रोज ज्योतीनं तापणार, वरून पावसाचे थेंबही झेलणार. दादांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. शिक्के मारून असे डाग पडत नाहीत.

कंदिलाची घडण परदेशी होती, हे मान्य. वाऱ्यात टिकणारे कंदील अमेरिकेत, जर्मनीत आधी बनले. पण घडण घेणं वेगळं आणि तयार माल आणणं वेगळं. स्वदेशीच्या दिवसांत सगळी धडपड त्याच फरकासाठी चालली होती. ज्याला शंका आहे त्यानं 1963 चं सातारा जिल्हा गॅझेटिअर उघडावं. त्यात ओगलेवाडीचा काच कारखाना जिल्ह्यातला उद्योग म्हणून नोंदलेला आहे.

किर्लोस्करवाडी 1910 ची, कुंडलजवळची. ओगल्यांचा कारखाना 1916 चा, कराडजवळचा. दोघांनाही औंध संस्थानच्या राजांचं, म्हणजे पंतप्रतिनिधींचं, पाठबळ होतं आणि दोन्ही गावं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर. नातं एवढंच. सरदाराची गोष्ट तर कुठून काढली कोण जाणे. गावाला नाव मिळालं ते कारखाना काढणाऱ्या ओगले बंधूंचं, आणि त्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर.

विजेचं म्हणणं अर्धं खरं. खेड्यापाड्यांत दिवे लागले तसे कंदील माळ्यावर गेले. पण काहीच उरलं नाही? कराडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे.

आत्याला मी दादांचा कंदील पुसून, वात लावून फोटो पाठवला आणि तोच ग्रुपवर टाक म्हटलं. काच अजून तीच आहे.