सड्यावरची पीक पाहणी

आमच्या सातबाऱ्यावर २३ नावं आहेत. त्यातली ९ माणसं वारली, ६ मुंबईला गेली आणि उरलेली ८ एकमेकांशी बोलत नाहीत. त्या ८ मध्ये मी एक. जमिनीचा गट एकच, खाती वेगवेगळी, वाटणी तोंडी. बांधावर फणस आहे तोवर भांडणाला तोटा नाही.

पूर्वी पिकाची नोंद हा माझा विषयच नव्हता. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. साताला मालक, बाराला पीक. तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही) चावडीत बसून बाराला 'आंबा' लिहायचे आणि मी घरी बसून आंबा खायचो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानेच ॲपवर आपलं पीक नोंदवणं, सुरू झाली आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. खाणं वानरांकडे आधीच गेलं होतं.

पद्धत साधी आहे. मोबाईल घेऊन आपल्या बागेत उभं राहायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. देवगडात अडचण एवढीच की आंब्याची कलमं खाली घळीत आणि रेंज वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. त्यात खरिपाची पाहणी म्हणजे ऐन ऑगस्ट. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल, पायाला शेवाळलेला कातळ. चष्म्यावर पाणी, कॅमेऱ्यावर पाणी. पहिल्या फोटोत कलमाऐवजी माझा अंगठा आला. स्पष्ट आणि टवटवीत.

"ह्या काय पीक?" शेजारचा बाबू म्हणाला. तो दहावीला आहे, म्हणून मी त्याला तज्ज्ञ म्हणून नेलं होतं.

"तू गप ऱ्हव आणि छत्री धर."

मग प्रश्नोत्तरं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये द्या. मी आयुष्यभर गुंठ्यात विचार केलेला माणूस. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, पण त्या 'जवळजवळ'वरच तर आमच्या भावकीचे दावे चाललेत. झाडांची संख्या? बाबू म्हणाला ३८, मला आठवत होती ४०. पावसात पुन्हा मोजली. ३९ भरली.

माहिती मोबाईलमध्ये जतन झाली. आता ती वर चढवायला आम्हीही वर चढलो. सड्यावर देवळाच्या कठड्याचा एकच कोपरा असा आहे जिथे रेंजच्या दोन दांड्या येतात. तिथे आधीच तिघे उभे होते, सगळे आभाळाकडे मोबाईल धरून. लांबून पाहणाऱ्याला देवाला गाऱ्हाणं घालणं चाललंय असंच वाटावं.

"काका, जरा डावीकडे सरका. हांगा नाय, थंय!"

मी सरकलो. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पोचलं. मी खरोखर हात जोडले. देवळाला की मोबाईलला, मलाही नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चुलतभाऊ उभा. बाराएक वर्षांनी. बायकोने आतूनच विचारलं, "अहो, कोण मेलं?"

ॲपमध्ये गावातल्या नोंदी कुणालाही बघता येतात. त्याने बघितल्या होत्या. आमच्या आजोबांचं नाव दोन्ही घरांनी आपापल्या मोठ्या मुलाला ठेवलं, आडनावही एकच. यादीत त्याचं नाव वर, माझं खाली. ओल्या बोटाने मी वरचं दाबलं होतं. माझी ३९ कलमं त्याच्या खात्यावर.

"४८ तासांत दुरुस्ती करता येता," मी घाईघाईने म्हणालो. "आजच करतंय."

"कशाक?" तो पायरीवर बसला. "वाटणी काय होईत नव्हती. सरकारानच केल्यान. चाय टाक म्हणान सांग वयनीक."

चहा पिऊन होईपर्यंत मी घड्याळच बघत होतो. त्याने दुसरा कप मागितला.