पडद्याचं कापड नंतर, आधी भिंत बघा

श्रावणातली गोष्ट. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात आई सकाळी पडदा सारायला गेली आणि अख्खा रॉड ब्रॅकेटसकट खाली आला. तिच्या खांद्याला चाटून गेला. चार बोटं इकडं असती तर डोक्यातच बसला असता. तिला बसवलं, पाणी दिलं आणि मग खाली पडलेली गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती, उचलून बघितली. प्लास्टिकची, इंचभराची, भोवती ओलसर लाल माती. म्हणजे ती विटेत गेलीच नव्हती, दोन विटांच्या मधल्या मातीत बसली होती.

माझा संताप झाला. कापडावर आम्ही साडेआठ हजार घातले होते. इचलकरंजी शेजारी असलेल्या गावात कापडाची पारख होणारच, रंग ठरवायलाच तीन रविवार गेले. पण ते कापड ज्यावर लटकणार ते सामान "बिलात धरलंय" म्हणून दुकानदारानं दिलं ते आम्ही घेतलं. बसवायला आलेल्या पोरानं अर्ध्या तासात चार खिडक्या उरकल्या. भिंत कसली आहे, हे त्यानं विचारलं नाही.

आपल्याकडं हे विचारावंच लागतं. पेठांतली कितीतरी जुनी घरं मातीत बांधलेली आहेत, उपनगरातले बंगले सिमेंट-विटांचे, आणि नव्या अपार्टमेंटमध्ये हलके राखाडी ब्लॉक. पक्क्या विटेत 8 मिमीचं भोक आणि दोन इंची गिट्टी पुरते. ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी घालायची, नाहीतर भोकाच्या कडा ढासळतात. खिडकीवर काँक्रीटची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असेल तर साधं ड्रिल अर्ध्यात अडतं. मग घाईतला माणूस अर्ध्या भोकातच स्क्रू पिळून मोकळा होतो. खरं तर काँक्रीटसारखी पकड दुसरीकडं कुठं नाही, फक्त हॅमर ड्रिल आणा म्हणून सांगायला हवं.

पडद्याचं वजन मी काट्यावर करून बघितलं. दाराचे दोन भरगच्च पडदे मिळून दोन किलोच्या आतबाहेर. एवढ्यानं भिंत उखडत नाही. उखडते ती ओढण्यानं. ब्रॅकेट भिंतीपासून तीन-साडेतीन इंच पुढं आलेला असतो, त्यामुळं पडदा खाली ओढला की वरचा स्क्रू बाहेर खेचला जातो. दिवसातून दोनदा, वर्षभर. म्हणून एका स्क्रूवरचा ब्रॅकेट मी आता घरात येऊ देत नाही. आणि रॉड पाच-सहा फुटांच्या वर गेला की मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच. अडचण एवढीच की रिंगांचा पडदा त्या मधल्या ब्रॅकेटला अडतो. एकच पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा असेल तर रॉड नको, ट्रॅक घ्या. त्याचे रनर, म्हणजे पडदा अडकवायचे सरकते हुक, खालून सरळ जातात. रॉडच घेतला तर रिंगा सम संख्येतच शिवून घ्या, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडं वळतात.

स्टीलच्या बाबतीत एक फसगत होते, ती सांगतो. दुकानात चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, अस्सल आहे." चुंबकानं कळतं ते एवढंच की आत लोखंड आणि वर मुलामा नाही. 202 आणि 304 या स्टेनलेस स्टीलच्या दोन्ही ग्रेडना चुंबक सहसा चिकटत नाही. 304 मध्ये निकेल जास्त, आणि ते गंजाला जास्त टिकतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर खिडक्या बंद आणि हवा दमट. आमच्या मुलामा दिलेल्या रॉडवर दुसऱ्या पावसाळ्यातच तपकिरी ठिपके आले आणि रिंगांतून कापडावर उतरले. ते डाग अजून निघालेले नाहीत. स्क्रूही स्टीलचेच मागा. रॉड चांगला आणि स्क्रू लोखंडी, असं फार घरांत बघितलंय.

शेवटी ओळखीचे सुतारमामा आले. त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "ही भिंत गिट्टी धरणार न्हाई. फळी मारूया." सागवानी पट्टी, चार इंच रुंद, खिडकीपेक्षा दोन्हीकडं आठ इंच जास्त. ती पाच ठिकाणी लांब स्क्रूंनी विटेतच धरली. भोकातून येणारा भुगा ते प्रत्येक वेळी तळहातावर घेऊन बघायचे. भरड लाल आला तर वीट, मऊ आला तर माती, की भोक दोन बोटं सरकवायचं. मग ब्रॅकेट त्या फळीवर. भिंतीला एका ठिकाणी बसणारा ओढा पाच ठिकाणी वाटला गेला. मजुरी धरून एका खिडकीला बाराशे पडले. मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत.

तीन खिडक्या झाल्या. पश्चिमेची राहिलीय, कारण ती भिंत पावसात ओल धरते. मामा म्हणाले, दिवाळीनंतर वाळू दे, मग बघू. तोवर तिथं चौकटीच्या लाकडात दोन हुक मारून स्प्रिंग ताणलीय आणि आईची जुनी सुती साडी दुमडून लावलीय.