गव्याला दाढी नसते

कळंगुट-बागाच्या दुकानांत मिळणाऱ्या मगवर, मॅग्नेटवर, टी-शर्टवर गोव्याचा राज्यप्राणी म्हणून जो गवा छापलेला असतो, त्याला कितीदा तरी दाढी असते. मानेवर झिपऱ्या, शिंगं आखूड. तो गवा नव्हे, अमेरिकेतला बायसन आहे. चूक होते ती नावामुळे. गव्याला 'इंडियन बायसन' म्हणायची सवय पडली आहे. डिझायनर तयार चित्रांच्या साइटवर 'बायसन' शोधतो, पहिलं देखणं चित्र उचलतो आणि खाली 'गोवा' लिहून छपाईला पाठवतो. मोले आणि म्हादईच्या रानात गवा असताना त्याच्या नावावर दुसऱ्याच खंडातलं जनावर विकलं जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गवा काढताना आधी पाठीची रेघ ओढा. खांद्यावरची उंच कड पाठीच्या मध्यापर्यंत येते आणि तिथे पायरीसारखी एकदम खाली उतरते. ही पायरी साधली की निम्मं काम झालं. मग दोन शिंगांमधला कपाळाचा फुगीर उंचवटा. शिंगं बाजूला जाऊन वर वळतात, टोकाशी आत येतात. बुडाशी पिवळसर, टोकाला काळी. म्हशीसारखी मागे जात नाहीत. अंगावर आखूड, तुळतुळीत केस. आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे चारही पाय.

या मोज्यांपाशी छपाई अडते. मगवर सब्लिमेशनने, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने मगवर उतरवून, छापतात आणि त्या शाईत पांढरा रंग नसतोच. पांढरं म्हणजे मगचा मूळ पांढरा भाग. मागे हिरवं रान पूर्ण भरून घेतलं आणि पायांची जागा कोरी ठेवली नाही, तर मोजे हिरवे होतात. शिवाय गवा म्हणजे गडद रंगाचा मोठा सलग पट्टा. दाब कुठे कमी पडला तर तिथे तो लगेच विटका दिसतो. नेहमीच्या मगला १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि साधारण तीन मिनिटं लागतात. छापायची जागा अंदाजे २० बाय ९ सेंमी, पण कपाच्या कानाजवळ आणि काठाजवळ दाब नीट बसत नाही. म्हणून जनावर मधोमध घ्यावं, कानाच्या बाजूने किमान दीड सेंमी सोडून. कागदावर चित्र उलटं छापायचं असतं. जनावर एकटं असेल तर हा विसर कळतही नाही, 'गोवा' ही अक्षरं मात्र उलटी उमटतात.

काळ्या टी-शर्टवर तर गवा फारच सुंदर होतो. अंग छापूच नका. कापडाचा काळा रंग म्हणजेच गवा. फक्त मोजे, शिंगं, कपाळ आणि पाठीची कड फिकट शाईत द्या, बाकीचं डोळा आपोआप भरून घेतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टाकू नये. सुटी रेघ मध्येच तुटते आणि दोन रंगांमधली कोरी फट शाई पसरून बुजते. रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर देणार असाल तर तो चित्रापेक्षा चहूबाजूंनी सुमारे ०.३ मिमी आत घ्या, नाहीतर कडेला पांढरी किनार डोकावते.

कासवाचं दुखणं वेगळं. मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले, पण वस्तूंवर दिसतं ते बहुधा हवाईच्या पोस्टरवरचं हिरवं कासव. पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंच्या ढाली, म्हणजे कवचाचे मोठे तुकडे, मोजा. हिरव्या कासवाला प्रत्येक बाजूला चार असतात, रिडलेला पाच ते नऊ, बहुतेकदा सहा-सात. रिडलेची पाठ जवळजवळ लांबीइतकीच रुंद, पत्त्यांतल्या बदामासारखी. आकार रुंद केला आणि दोन ढाली वाढवल्या की झालं, छपाईला एक पैसा जास्त पडत नाही.

राज्यपक्षी लालकंठी बुलबुल. याला तुरा नसतो! काळंभोर डोकं, पिवळं पोट, गळ्यावर माणकासारखा डाग आणि पांढुरका डोळा. चित्रात तुरा दाखवला की तो दुसराच बुलबुल झाला. मॅग्नेटवर पक्षी चार सेंमीचा असेल तर डोळा अडीच मिमीपेक्षा लहान करू नका, आतली बाहुली बुजते. डॉल्फिनबद्दल एवढंच: आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला, लांब चोचीचा डॉल्फिन. उंचवट्यावर छोटा पर. फेरीबोटीतून बहुतेक वेळा तेवढाच दिसतो आणि तेवढाच काढला तरी पुरतो.

कोंबड्याविषयी मात्र सरळ बोलायला हवं. काळ्या अंगाचा, लाल तुऱ्याचा, बदामांनी नटवलेला कोंबडा पोर्तुगालच्या बार्सेलुशचा आहे. तो विकायला हरकत नाही, 'गोव्याचा कोंबडा' म्हणून विकू नये. आपल्या जुन्या घरांच्या छपरांवरचा कोंबडा आहेच, आणि रानात करडा रानकोंबडा आहे; त्याच्या मानेवरचे पिवळसर पांढरे ठिपके नक्षीसाठी जणू तयारच. तो टाइलवर रंगवायचा तर चित्राच्या कागदाला रेघेवरून टाचणीने भोकं पाडून कोळशाची पूड झाडतात आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचला फिरवतात. कच्ची झिलई पाणी शोषते, त्यामुळे चुकलेला फटकारा पुसता येत नाही. कोबाल्टचा निळा १००० अंशांच्या आसपास भाजला तरी टिकतो. लाल मात्र दगा देतो, उडतो किंवा तपकिरी होतो. म्हणून तुरा निळ्याच छटेत ठेवणं शहाणपणाचं. आणि १४-१५ सेंमीच्या टाइलचा मोठा फलक असेल तर आधी सांध्यांची जाळी आखा, मग जनावर बसवा. डोळा सांध्यावर आला तर सगळं चित्र आंधळं होतं.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांच्या रेषेची नक्कल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कायद्याने त्यांच्या चित्रांचे हक्क २०७१ अखेरपर्यंत आहेत.

खरं तर नक्कल करायची गरजच काय? रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेले बैल पाहा. नुसती बाह्यरेषा, सावली नाही, केस नाहीत, तरी वजन जाणवतं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळातली कावी पाहा. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवायची आणि टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. लाल आणि पांढरं, दोनच रंग. एका शाईच्या छपाईला, कापडी पिशवीला, काजूच्या डब्याला याहून सोयीची पद्धत नाही.

दुकानदारांना एक विनंती: ऑर्डर देताना डिझायनरकडे प्राण्याची नुसती काळी आकृती मागा, दोन सेंमी उंचीची. ती रानात फिरणाऱ्या कुणाला तरी दाखवा. नाव न सांगता त्याने ओळखली तरच रंग भरायला द्या.