पावडरचा वास येतोय? येऊ द्या!

परवापासून आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येतो. कुणी विचारतंय, 'स्विमिंग पूलचं पाणी सोडलंय काय?', कुणी सकाळचा चहा ओतून दिल्याचं कळवतंय. एकाने 'क्लोरीनने कॅन्सर होतो' असा कुठून तरी आलेला फॉरवर्ड टाकला, त्याला भराभर अंगठे मिळाले. शेवटी आमच्या नगरसेवकांनी हात जोडून 'संबंधितांना सूचना दिली आहे, पावडर कमी करण्यात येईल' असं जाहीर केलं आणि सगळे खूश झाले.

मी खूश नाही, म्हणून हे लिहितोय. ग्रुपवर एवढं लिहिलं असतं तर लगेच खाली गुड मॉर्निंगचं फूल येऊन पडलं असतं.

माझं नळ-पाईपचं, हार्डवेअरचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही आणि इंजिनियरही नाही. पण गावातले प्लंबर रोज दुकानात येतात, लाईनीतून कापलेला तुकडा काउंटरवर ठेवतात आणि 'ह्या मापाचं द्या' म्हणतात. ते तुकडे बघून बघून गावाच्या पाण्याबद्दल माझं एक मत झालंय. ते असं, की आपल्याकडे पाणी बिघडतं ते टाकीपासून घरापर्यंतच्या वाटेवर. आणि त्या वाटेवर आपल्याला वाचवणारी एकच गोष्ट सध्या पाण्यात आहे, ती म्हणजे ही पावडर. तीच आपण कमी करायला लावतोय, तेही मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर!

आधी पावडरचं सांगतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या ताज्या मालात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पण आपली कोकणातली हवा कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड दुपारपर्यंत मऊ पडतात. अशा हवेत तोंड उघडं असलेलं टीसीएलचं पोतं महिनाभर पडलं की ढेकळं होतात आणि क्लोरीन उडून जातो. कर्मचारी बिचारा रोजच्या मापाने टाकतो, वहीत नोंदही करतो, पण पाण्यात पडतो तो बहुतेक चुनाच. तेव्हा वास नसतो आणि ग्रुपवर तक्रारही नसते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्याप्रमाणे नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायला हवा. टाकीत किती घातला ह्याला महत्त्व नाही, तुमच्या नळापर्यंत किती उरला ह्याला आहे. कारण वाटेत जी घाण मिसळते ती मारण्यात तो खर्च होत जातो. टाकीजवळ राहणाऱ्याला उग्र वास येतो आणि खाडीकडच्या शेवटच्या आळीत काहीच येत नाही, ह्याचं कारण हेच. वासाची तक्रार टाकीजवळचे करतात. खरं तर खाडीकडच्यांनी वास येत नाही म्हणून तक्रार करायला हवी.

आता कॅन्सरचं. फॉरवर्ड अगदीच हवेतला नाही, त्यात एक खरा धागा आहे. पाण्यात पालापाचोळा, माती असे सेंद्रिय पदार्थ असले की क्लोरीनशी त्यांची क्रिया होऊन काही उपद्रवी संयुगं तयार होतात. म्हणून पाणी आधी तुरटीने निवळायचं, गाळायचं आणि मग क्लोरीन घालायचा असा क्रम असतो. गढूळ पाण्यात नुसती पावडर ओतून भागत नाही, कारण जंतू मातीच्या कणांआड लपतात. पहिल्या पावसात लाल पाणी येतं तेव्हा जाब विचारायचा तो ह्याचा. पण ही संयुगं टाळायची म्हणून निर्जंतुकीकरणात कसूर करू नका, असं जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ शब्दांत सांगते. क्लोरीनसाठी त्यांनी घातलेली मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे. आपल्या नळाला एक मिलिग्रॅम जरी पोचला तरी मी पेढे वाटीन.

आता माझ्या धंद्यातलं. मागच्या आठवड्यात एक प्लंबर मच्छी मार्केटच्या मागून कापलेला पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचा तुकडा घेऊन आला. बाहेरून काळपट बुळबुळीत, कारण तो भाग बारा महिने गटारातच बुडालेला. आधी तिथे लाईन होती, मग रस्ता रुंद झाला आणि लाईनीवरच गटार बांधलं. आत गंज एवढा, की करंगळी जेमतेम जाईल. आणि आट्यांच्या शेजारी मोहरीएवढं भोक. प्लंबर म्हणाला, "एवढं चालतं शेठ, प्रेशर असलं की पाणी बाहेरच फेकतं, आत काय येत नाय."

पाणी चालू असेपर्यंत त्याचं खरं आहे. पण आपल्याकडे पाणी चालू असतं तरी किती? सकाळी तासभर. उन्हाळ्यात एक दिवसाआड, तेही पाऊण तास. उरलेला सगळा वेळ पाईप रिकामा असतो. वॉलमनने चावी बंद केली की उताराकडचं पाणी खाली निघून जातं आणि मागे पोकळी होते. पाणी जाण्याच्या वेळी तोटीला बोट लावून बघा, आत ओढल्यासारखं होतं. नळ 'फुस्स' करतो तो आवाज प्रत्येकाने ऐकलेला आहे. तोटीवर जसं तुमचं बोट ओढलं जातं, तसंच त्या मोहरीएवढ्या भोकातून गटाराचं पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या हंड्यात ते कुणाच्या तरी घरी पोचतं.

ह्यावर कडी म्हणजे टिल्लू पंप. संपातलं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं, पाणी वरच्या टाकीत चढवायला तो असतो, त्यासाठी खुशाल वापरा. पण आपले लोक तो थेट नळाच्या लाईनीला लावतात. अशी मोटर लावायला मनाई आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पाणी सुटायच्या वेळी आळीतून फेरी मारली की घराघरांतून घरघर ऐकू येते. कारणही कळतं मला. शेजारच्याने लावली म्हणून ह्याच्याकडे धार बारीक झाली, म्हणून ह्यानेही लावली. पण लाईन अशी चोहोबाजूंनी खेचली की पाणी चालू असतानासुद्धा पाईपमध्ये पोकळी होते, आणि प्रत्येक गळका सांधा गटार पिऊ लागतो. म्हणजे ज्याने मोटर लावली तो शेजाऱ्याचं पाणी तर पळवतोच, वर स्वतःच्या टाकीत काय भरतोय ह्याचाही त्याला पत्ता नसतो.

ह्याच घरांत मग स्वयंपाकघरात आरओ मशीन लागतं.

गेल्या महिन्यात आमच्या आळीत एक विक्रेता दारोदार फिरत होता. त्याच्याकडे दोन-दोन सळ्यांचं एक यंत्र होतं. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. सळ्या बुडवल्या, बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग हिरवट काळा गाळ. दुसरा ग्लास जसाच्या तसा. माझी वहिनी घाबरून "अहो, हे आम्ही पोरांना पाजतो?" म्हणाली. विक्रेता दुःखी चेहरा करून उभा.

मंडळी, तो गाळ त्या सळीचा असतो. एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मी त्या दुसऱ्या ग्लासात घरातलं चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता दाब बटण. त्याला अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

दुसरं हत्यार टीडीएस मीटर. हा पेनासारखा मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, बस. त्याला जंतू दिसत नाहीत. कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉईड ह्यातलं काहीच दिसत नाही. आयएस 10500 मध्ये टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलाय. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभा दगड धुऊन निघालेला असतो, त्यामुळे आपलं नदीचं आणि विहिरीचं पाणी मुळातच मऊ. मीटर लावला तर आकडा सहसा दोनशेच्या आतच येतो. अशा पाण्याला आरओ कशाला? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं होतं की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओ नको. शिवाय एक लिटर गाळलेल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात मे महिन्यात हे करायचं म्हणजे कमाल आहे.

खाडीलगतच्या विहिरींचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की तिथे समुद्राचं पाणी आत शिरतं आणि पाणी मचूळ होतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तिथे आरओ लावलात तर माझी काही तक्रार नाही. बाकीच्यांना जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचं मशीन) किंवा साधा गाळून उकळण्याचा मार्ग पुरतो.

आता 'आमच्या बावीचं पाणी अमृत' म्हणणारे काका-मावशी रागावतील, पण त्यांच्याबद्दलही बोलायलाच हवं. "आजोबा-पणजोबा हेच पाणी प्यायले, कुणाला काय झालं नाही." झालं होतं की. पटकीच्या साथीत घरंच्या घरं बसली, ते सांगायला कोण उरलं नाही म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही. आणि तेव्हा परसात संडासाचा शोषखड्डा नव्हता. आता वाटण्या होऊन जागेचे तुकडे पडले, प्रत्येक तुकड्यावर घर, घराला शोषखड्डा, आणि विहीर तीच जुनी. विहीर आणि खड्डा ह्यांत 50 फुटांचं तरी अंतर हवं, इथे वीसही नसतं. वर आपला जांभा म्हणजे नुसती चाळण. मुसळधार पावसात खड्ड्यातलं पाणी विहिरीत यायला वेळ लागत नाही. पाणी दिसतं नितळ, लागतं गोड, मीटरवर आकडा झकास.

जारच्या पाण्याबद्दल थोडक्यात. सीलबंद बाटलीच्या पाण्याला आयएस 14543 चं मानक आणि परवाना असतो. टेम्पोतून येणाऱ्या, सील नसलेल्या थंड जारवर तसं काही नसतं. थंड आहे एवढीच त्याची हमी. लग्नात आणा, पण शुद्ध म्हणून आणू नका.

कावीळ लगेच उठत नाही, हीसुद्धा मोठी अडचण आहे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ दिसायला महिना-दीड महिनासुद्धा लागतो. जूनमध्ये प्यायलेलं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये डोळे पिवळे करतं, तोवर लोक वडापावच्या गाडीला दोष देऊन मोकळे झालेले असतात. ह्यातला ई प्रकार गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेततो. आणि पुढे गणपती आहेत. चाकरमानी आले की गावात माणसं दुप्पट, पाणी तेवढंच, मोटरी जास्त.

तर नगरसेवक साहेब, पावडर कमी करू नका. उलट टीसीएलची पोती कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवायला सांगा. दर आठवड्याला शेवटच्या आळीतल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) करून तिचा फोटो ह्याच ग्रुपवर टाका. शेजारच्या खेड्यांत जलजीवन मिशनमधून गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलंय. आपण तर नगरपंचायत, आपल्याला काय अवघड आहे? आणि गटारातल्या लाईनी बाहेर काढायचं अंदाजपत्रक करा. नवीन कमान आणि सेल्फी पॉइंट पुढच्या वर्षी झाले तरी चालतील.

आपण घरात काय करायचं ते तर हातातलंच आहे. लाईनीवरची मोटर काढा, नळाचं पाणी आधी खाली संपात पडू द्या, मग वर चढवा. पाणी आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं जे येतं ते झाडांना घाला. पावसाळाभर प्यायचं पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवून घ्या. वास नकोच असेल तर पिंपात काही तास ठेवून मग प्या, वास कमी होतो.

ओटीची बाटली मी दुकानात आणून ठेवली आहे. ज्याला आपल्या नळाचं पाणी बघायचं असेल त्याने सकाळी घेऊन यावं, पैसे नाहीत. पाणी सुटल्यावर लगेच भरा आणि लगेच आणा, रात्रीचं कळशीतलं आणलंत तर काहीच दिसणार नाही. भांडं काचेचं आणा, स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलाय, तसंच राहिलं तर फोटो काढा आणि ग्रुपवर टाका, सोबत आळीचं नाव लिहा. आणि तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही, पोरांना आधीच सांगून ठेवा.