ट्रेडमिलवर कायम नवखे कसे राहावे

रंकाळ्याच्या फेऱ्या मारत तुमचं आयुष्य गेलं. तुम्हाला चालायला कोण शिकवणार? तेव्हा राजारामपुरीतल्या जिममधला पोरगा म्हणाला, ‘काका, तीनवर सुरू करूया,’ तर त्याच्याकडं कीव करून बघा आणि थेट सहा दाबा.

पट्टा सरकला की छाती पुढं, हात अंगापासून लांब ही तुमची पैलवानी चाल गायब होईल. पावलं आखूड पडतील, भराभर पडतील, पाय फाकतील. पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरावं तसं. लाजू नका, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. पाय म्हणतात आपण चाललोय, डोळे म्हणतात समोरचा आरसा जागचा हललेला नाही. धडधाकट माणसाचं शरीर साधारण पाच-सहा मिनिटांत हा घोळ निस्तरतं, पावलं लांबतात, चाल सुटी होते. वय झालेल्यांना जास्त वेळ लागतो. तुम्ही फक्त ही पाच-सहा मिनिटं येऊ द्यायची नाहीत.

त्यासाठी पुढचा दांडा घट्ट धरा. अंगाचा भार हातांवर गेला की पायांना शिकायला काही उरतच नाही. शिवाय मेहनत कमी होते, पण यंत्राला तुमचं लोंबकळणं कळत नाही. ते कॅलरी पूर्ण चालल्याच्या दाखवतं. तेवढ्या आकड्यावर मिसळीला जादा कट हक्कानं मागता येतो. नजर पायांवरच खिळवा, किंवा ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकत राहा. लाल दोरीची क्लिप शर्टाला लावली तर पाय घसरताच पट्टा थांबतो. ती तशीच लोंबू द्या, शर्टाला सुरकुत्या पडतात. आणि तिसऱ्या मिनिटाला ‘मशीनच खराब हाय’ म्हणत उतरा.

चुकून अर्धा तास टिकलात तर मात्र घात झाला. उतरल्यावर फरशीच सरकल्यासारखी वाटेल. पट्ट्यावर धावून आलेल्यांना डोळे बांधून जागच्या जागी धावायला सांगितलं, तर ते नकळत पुढं सरकत जातात, हे प्रयोगांत दिसलंय. इतके पाय मारले तरी माणूस तिथंच राहतो, असा हिशेब मेंदूनं मांडलेला असतो. म्हणजे तुम्ही शिकलात. यावर उपाय एकच, लांबलचक सुट्टी.

सुट्टीत इतिहास वाचा. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं इंग्लंडातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचं चाक, म्हणजे मूळ ट्रेडमिल, काढलं. त्या बिचाऱ्यांकडून फी घेत नव्हते. तुम्ही वर्षाची आगाऊ भरलीत.

एवढं सांभाळलंत की पुढं कधीतरी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायची चाचणी, येतेच. छातीला वायरी लावून तुम्हाला त्याच पट्ट्यावर चढवतील. या चाचणीच्या ब्रूस नावाच्या ठरलेल्या पद्धतीत सुरुवातच ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढानं होते, दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढतात. तुमचे पाय बिगरीत असतानाच पट्टा दुसरीत गेलेला असतो. डॉक्टर विचारतील, ‘याआधी ट्रेडमिलवर चाललाय का कधी?’

दांडा न सोडता सांगा, ‘व्हय की! वरीसभराचं पॅकेज हाय.’