गुडघा वाजला म्हणजे ‘ग्रीस’ संपलं, हे खोटं आहे

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गुडघा कटकट वाजला की आतलं ग्रीस संपलं, बोटं मोडली की संधिवात होतो, चाळिशीनंतर चालणं, जिने कमी करून सांधे शिल्लक ठेवा, सकाळी दोन चमचे तूप प्या, ग्रीस भरून येईल. हे वाचून सिद्धेश्वर तलावाकाठचं रोजचं फिरणं सोडलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून उत्तर देतोय.

मागाला तेल बाहेरून घालावं लागतं, सांध्याला नाही. सांध्याचं आतलं अस्तर रक्तातला द्रव गाळून, त्यात हायलुरॉनिक ॲसिड हा बुळबुळीत पदार्थ मिसळून वंगण सतत बनवत असतं. निरोगी गुडघ्यातही ते जेमतेम चमचाभर असतं. सुजलेल्या गुडघ्यात उलट हे पाणी वाढतं, कधी डॉक्टरांना ते सुईने काढावं लागतं.

आवाजाचं म्हणाल तर, बोट ओढलं की सांध्यातली जागा एकदम वाढते, आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. 2015 साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे एमआरआयमध्ये टिपलं. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. 1998 मध्ये त्यांनी लिहिलं की संधिवात दोन्ही हातांत नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण पुढच्या अभ्यासांतही तसा संबंध दिसला नाही. वाजण्यासोबत दुखत असेल, सूज असेल, गुडघा अडकत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे जाच.

सर्वांत घातक सल्ला ‘शिल्लक ठेवा’ हा. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्याच नसतात. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की सैल होते, आणि या दाबण्या-सुटण्यातूनच तिला द्रवातलं पोषण मिळतं. हालचाल थांबली की तेही आटतं, मांडीचे स्नायू सुकतात आणि गुडघ्याचा आधार जातो. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुडघ्या-खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांत 3.5 टक्के, बैठ्या लोकांत 10.2 टक्के आढळली. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत ती 13.3 टक्के होती, म्हणजे अतिरेक नको, एवढंच.

आपल्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसतात. गुडघा पूर्ण सरळ होताना नडगीचं हाड शेवटी किंचित बाहेर वळतं आणि सांधा पक्का बसतो. ती हालचाल त्यांच्या वाट्याला दिवसभर येतच नाही. त्यांना ‘कमी हला’ म्हणणं हा अन्याय आहे. मावशी, थोड्या थोड्या वेळाने उठा, पाय सरळ करा, अंगणात चार पावलं टाका.

तूप भाकरीवर आवडत असेल तर खा. ते आतड्यात पचतं, गुडघ्यात जाऊन साठत नाही. वजन जास्त असेल तर मात्र एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.